कापोएरा : रिंगणातला आणि रंगमंचावरचा

ब्राझीलच्या ईशान्य किनाऱ्यावर बाहिया नावाचे राज्य आहे. साल्व्हादोर ही त्याची राजधानी. तिथे दोन माणसे एका रिंगणात उतरतात. एक जण पाय भिरकावतो. दुसरा खाली वाकून तो डोक्यावरून जाऊ देतो आणि वाकल्या वाकल्याच हातांवर उलटा होऊन पलीकडे निघतो. दोघांच्याही चेहऱ्यावर हसू असते. भोवतीची माणसे गातात, वाजवतात. याला नाच म्हणावा, तर लाथ खरीखुरी आहे. मारामारी म्हणावी, तर लाथ लागू नये अशी दोघांचीही खटपट दिसते. तिथले लोक या वादात फारसे पडत नाहीत. त्यांच्या पोर्तुगीज भाषेत कापोएरा 'खेळतात'. बस्स, एवढंच.

आपल्यापैकी ज्यांनी हा खेळ पाहिला असेल, त्यांनी तो बहुधा चित्रपटात नाही तर एखाद्या रंगमंचावर पाहिला असेल. पांढऱ्या विजारी, उघडी अंगे, कोलांट्या आणि ढोलाचा दणदणाट. ते पाहून आलेला माणूस बाहियातल्या जुन्या धाटणीच्या एखाद्या मंडळात गेला तर बुचकळ्यातच पडेल. तिथे सुरुवातीला कोणी उडी मारत नाही. दोन माणसे उकिडवी बसलेली असतात आणि एक म्हातारा गात असतो. मग खरा कापोएरा कुठला हो? रिंगणातला की रंगमंचावरचा? रिंगणातला खरा आणि रंगमंचावरचा दिखाऊ, असे उत्तर पुष्कळ जण एका दमात देऊन टाकतात. मला ते पुरेसे वाटत नाही. ज्यांनी हा खेळ जिवंत ठेवला त्या माणसांवर त्या उत्तराने थोडा अन्यायच होतो. म्हणून जरा तपशिलात शिरू या.

आधी रिंगण. त्याला 'रोदा' म्हणतात. रोदा म्हणजे चाक. (लिहिताना रोदा, बाहियात मात्र कानाला 'होदा' असेच ऐकू येते.) या चाकाचा आस कुठला म्हणाल, तर बेरिंबाउ नावाचे वाद्य. पिंजाऱ्याची धनुकली ज्यांनी पाहिली आहे त्यांच्या डोळ्यांपुढे ते लगेच उभे राहील. चार-पाच फुटांची लवचिक काठी वाकवून तिला पोलादी तार ताणून बांधलेली. ही तार हल्ली मोटारीच्या जुन्या टायरमधून काढतात. काठीच्या खालच्या टोकाजवळ एक पोकळ भोपळा. वादक एका हाताने तारेवर बारीक छडी मारतो. त्याच हातात एक विणलेला खुळखुळाही असतो. दुसऱ्या हाताने तो सगळे धनुष्य तोलून धरतो आणि त्याच हाताच्या बोटांतला तांब्याचा पैसा किंवा गुळगुळीत गोटा तारेला टेकवतो, काढतो, टेकवतो. भोपळ्याचे तोंड कधी पोटाशी, कधी पोटापासून दूर. एवढ्या खटाटोपातून निघतात मोजून दोन स्वर आणि तिसरा एक खरखरीत आवाज. पण त्या तीन आवाजांच्या निरनिराळ्या बांधणीतून खेळ संथ की जलद, जवळचा की लांबचा, हे सारे ठरते.

हे धनुष्य आफ्रिकेतले. त्याच जातीचे एक वाद्य आपल्या बाजूलाही येऊन पोचले आहे. गुजरातेतले सिद्दी लोक 'मलुंगा' वाजवतात. त्यालाही काठी, तार आणि भोपळा. आफ्रिकेतली माणसे समुद्राने पूर्वेला नेली गेली तशी पश्चिमेलाही नेली गेली. बरोबर सामान नेण्याची मुभा त्यांना नव्हती. वाद्य बनवण्याची अक्कल मात्र डोक्यात होती.

जुन्या धाटणीच्या रोदात तीन बेरिंबाउ असतात. मोठ्या भोपळ्याचा, खर्जातला तो गुंगा, मधला मेदिओ, आणि लहान, उंच आवाजाचा व्हिओला. त्यांच्या जोडीला दोन खंजिऱ्या, एक उभा ढोल, दोन तोंडांची लोखंडी घंटा आणि खाचा पाडलेली एक काठी. गुंगा बहुधा गुरूच्या हातात. गुरूला म्हणतात 'मेस्त्रे'. हा शब्द तुम्हाला परका नाही. आपल्या मराठीतला 'मेस्त्री' पोर्तुगीजांच्या याच मेस्त्रेतून आला. आपण तो सुतार-गवंड्याला दिला, त्यांनी तो कापोएराच्या गुरूला.

आता खेळाची सुरुवात पहा. दोघे खेळाडू बेरिंबाउच्या पायथ्याशी समोरासमोर उकिडवे बसतात. एक लांब आरोळी उठते आणि एकटा गायक गाऊ लागतो. या पहिल्या गाण्याचे नाव 'लादाइन्या'. गोव्यात ख्रिस्ती घरांतून आणि क्रुसांपुढे जी 'लदीन' म्हणतात, तिचेच हे मूळ नाव. (यात आश्चर्य करण्यासारखे काही नाही. गोवा आणि बाहिया एकाच राजाच्या अमलाखाली होते, आणि गोव्याहून लिस्बनला परतणारी कित्येक जहाजे वाटेत साल्व्हादोरच्या बंदरात थांबत.) लादाइन्यात जुन्या मेस्त्रेची आठवण असेल, एखादा टोमणा असेल, समोर बसलेल्या खेळाडूला दिलेली ताकीदही असेल. ती चालू असताना कोणी जागचे हलत नाही. मग गायक देवाचे, गुरूचे, गावाचे नाव घेतो आणि मंडळी ते झेलतात. त्यानंतर लहान लहान ओळींची सवाल-जबाबी गाणी लागतात, आणि तेव्हा कुठे खेळाडूंना परवानगी मिळते. ते जमिनीला हात लावतात, कोणी क्रूस करतो, कोणी बोटाने भुईवर एखादी खूण काढतो. हात मिळवतात आणि हातांवरून उलटे होत रिंगणात शिरतात.

आत गेल्यावर पाय थांबायचे नाहीत. डावा मागे, उजवा मागे, असे एकसारखे झुलत राहायचे. याला 'जिंगा' म्हणतात. या झुलण्यातूनच लाथ निघते आणि त्यातच ती विरते. समोरून आलेली लाथ हाताने अडवायची नाही, तिच्याखालून निघायचे. म्हणजे प्रत्येक हल्ल्यात बचावाची वाट ठेवलेली असते, आणि प्रत्येक बचावात पुढचा हल्ला दडलेला असतो. मध्येच एक जण थांबतो आणि हात पसरून उभा राहतो. दुसऱ्याने आता त्याच्याजवळ जायचे, हाताला हात लावायचा आणि दोघांनी चार पावले पुढे, चार पावले मागे चालायचे. दिसायला अगदी सलोखा! पण जवळ जाताना जो डोके, पोट आणि गुडघा सांभाळणार नाही, तो तिथेच आडवा होतो. यालाच ते 'मालिसिआ' म्हणतात. कावेबाजपणा म्हणा, चतुराई म्हणा, माणूस ओळखण्याची नजर म्हणा. जुने मेस्त्रे ताकदीपेक्षा हिलाच जास्त मान देतात. खेळ तापला, वेडावाकडा होऊ लागला, की गुंगा एकच स्वर पुन्हा पुन्हा टणकारतो. तो ऐकला की दोघांनी निमूटपणे पायथ्याशी परत यायचे.

मग हा धर्मविधी आहे का? सरळ अर्थाने, नाही. बाहियात आफ्रिकन देवतांचा 'कांदोम्ब्ले' नावाचा पंथ आहे. त्याचे ढोल, त्याचे शब्द, त्याचे ताईत कापोएरात आले आहेत. पण रोदात देवतेचे आवाहन होत नाही आणि कोणाच्या अंगात येत नाही. तरीही हा नुसता व्यायाम नव्हे. सान्तो आमारो या गावी बेझौरो नावाचा एक कापोएरा खेळणारा होऊन गेला; तो १९२४ साली वारला. त्याच्याबद्दल लोक सांगतात की लोखंड त्याच्या अंगाला लागत नसे, म्हणून वैऱ्यांनी ताडाच्या जातीच्या एका लाकडाची सुरी करून त्याला मारले. गोष्ट खरी की खोटी, हा प्रश्न सोडा. रिंगणात उतरणारा आजही त्याचे नाव गातो आणि स्वतःला त्याच्या रांगेतला समजतो. विधी म्हणजे तरी दुसरे काय? ठरलेला क्रम, मेलेल्यांची आठवण आणि जिवाला थोडा धोका. हे तिन्ही इथे आहे.

पण आता दुसरी बाजू ऐका. हेच रिंगण पूर्वीपासून बघ्यांचेही होते. साल्व्हादोरला डिसेंबरात आणि जानेवारीत चर्चपुढच्या चौकांत मोठ्या जत्रा भरतात. कापोएरावाले तिथे रोदा धरीत. बघे पैसे टाकीत; ते रुमालावर ठेवले जात, आणि दोघे खेळाडू एकमेकांना चकवत ते तोंडाने उचलायला बघत. या खेळाला त्यांच्यात वेगळे नावही आहे आणि वेगळी गाणीही. विसाव्या शतकाच्या मध्याला वाल्देमार नावाच्या मेस्त्रेच्या झोपडवजा मांडवात रविवारी रोदा भरत असे. हा मेस्त्रे बेरिंबाउ रंगीत पट्ट्यांनी रंगवून पाहुण्यांना विकू लागला. आज जगभर जो रंगीत बेरिंबाउ परंपरेची खूण म्हणून भिंतीवर टांगतात, तो असा बाजारातून आलेला आहे.

परंपरेचेही तसेच. रंगमंचावर एक गोष्ट हटकून सांगतात : ऊसमळ्यांवरच्या गुलामांनी मालकाच्या डोळ्यांत धूळ फेकण्यासाठी लढाईला नाचाचे रूप दिले. गोष्ट सुंदर आहे, पण तिला कागदोपत्री आधार फारसा नाही. जे कागद आहेत ते मुख्यतः रिओ द जानेरो शहरातल्या पोलिसांचे, आणि त्यांत दिसतात ते रस्त्यावरचे हमाल, गुलाम आणि पुढे त्यांच्या टोळ्या. रुगेंडास नावाच्या जर्मन चित्रकाराचे १८३५ साली छापलेले एक प्रसिद्ध चित्र आहे. त्यात दोघे झुंजताहेत, शेजारी एक जण ढोल वाजवतो आहे. धनुष्य कुठेच नाही! म्हणजे आज ज्याच्यावाचून रोदा सुरूच होत नाही, तो बेरिंबाउ या चित्रातल्या खेळात नव्हता.

दुःख मात्र खरे होते, त्याला आधार शोधावा लागत नाही. आफ्रिकेतून सुमारे ४८ लाख माणसे गुलाम म्हणून ब्राझीलच्या किनाऱ्यावर उतरवली गेली. इतकी दुसऱ्या कुठल्याच देशात नाही. १३ मे १८८८ या दिवशी गुलामगिरी रद्द झाली, आणि पुरती दोन-अडीच वर्षे होतात न होतात तोच १८९० च्या दंडसंहितेत कापोएरा हा गुन्हा ठरला. रस्त्यावर तो खेळताना सापडल्यास दोन ते सहा महिने कोठडी. बेरिंबाउच्या एका ठेक्याचे नाव अजून 'कावालारिया', म्हणजे घोडदळ, असे आहे. घोड्यावरचे पोलीस येताहेत, पांगा, असा त्याचा अर्थ सांगतात.

या बंदीतून कापोएराला बाहेर काढणारी दोन माणसे साल्व्हादोरचीच. एक मेस्त्रे बिंबा. हा धिप्पाड गडी. कापोएरा नुसत्या पाहुण्यांच्या करमणुकीपुरता मवाळ होत चालला आहे, असे त्याला वाटे. त्याने जुन्या खेळात नव्या पकडी आणि चपळ लाथा घातल्या, शिकवण्याचा क्रम बांधला आणि १९३२ साली शाळा काढली. १९३७ साली तिला सरकारी मान्यता मिळाली. विद्यार्थी कोण, तर गोऱ्या घरांतले, वैद्यकीचे शिक्षण घेणारे तरुणसुद्धा. पहिल्यांदा रोदात उतरणाऱ्या विद्यार्थ्याचा 'बाप्तिस्मा' करायचा, त्याला टोपणनाव द्यायचे, शिक्षण संपले की गळ्यात रेशमी रुमाल बांधायचा, हे सोहळे बिंबानेच बसवले. १९४० च्या नव्या दंडसंहितेतून तो गुन्हा गळाला, आणि १९५३ साली खुद्द राष्ट्राध्यक्ष वार्गस यांच्यापुढे बिंबाने आपल्या शिष्यांचा खेळ करून दाखवला.

दुसरे मेस्त्रे पास्तिन्या. शरीराने किरकोळ, बोलण्यात मिठ्ठास, वृत्तीने थोडे तत्त्वज्ञ. १९४१ साली त्यांनी 'कापोएरा आंगोला' या जुन्या धाटणीचे केंद्र काढले. बिंबाच्या वेगाला त्यांचे उत्तर म्हणजे संथपणा, जमिनीलगतचा खेळ आणि गाण्याचा मान. पुढे पेलोरिन्यो चौकातल्या त्यांच्या जागेवर लेखक जॉर्ज आमादो यांच्यासारखी मंडळी येत असत. पण हेही लक्षात घ्या की जुन्याचा कैवार घेणाऱ्या या माणसाने शिष्यांना पिवळा-काळा गणवेश दिला, तोही आपल्या आवडत्या फुटबॉल संघाच्या रंगांचा! त्यांच्या जागेतही पाहुण्यांसाठी खेळ होत. १९६६ साली सेनेगलमधल्या डकार शहरी कृष्णवर्णीयांच्या कलांचा पहिला जागतिक महोत्सव भरला, तेव्हा सत्तरी ओलांडलेले पास्तिन्या ब्राझीलच्या वतीने तिथे गेले होते. आफ्रिकेतून निघालेली चीज आफ्रिकेच्या भूमीवर परत नेऊन दाखवली, आणि तीही एका महोत्सवात, प्रेक्षकांपुढे.

रंगमंचाचा जमाना १९६० नंतर रीतसर सुरू झाला. १९६२ साली एमिलिया बियांकार्दी या संगीतशिक्षिकेने 'व्हिव्हा बाहिया' हे लोककला-पथक उभे केले. अशा पथकांचा कार्यक्रम लवकरच एका साच्यात बसला : देवतांचे नाच, कोळ्यांचे जाळे ओढण्याचे गाणे, मग काठ्यांवर काठ्या आपटत होणारा 'माकुलेले', मग कापोएरा आणि शेवटी सांबा. १९७० नंतर ही पथके युरोपभर हिंडली. १९७५ साली झेलों व्हिएरा हा तरुण न्यूयॉर्कला पोचला आणि पुढे त्याने तिथे स्वतःची नृत्यमंडळी काढली. साल्व्हादोरला १९८८ साली 'बाले फोल्क्लोरिको दा बाहिया' हे व्यावसायिक पथक स्थापन झाले.

आता या रंगमंचाने काय बदलले ते पाहू. पहिली गोष्ट, चाक फुटले. प्रेक्षक एकाच बाजूला बसलेले. तेव्हा रिंगणाचा अर्धगोल करावा लागला. रोदात खेळाडूची पाठ कोणाकडे तरी असतेच, रंगमंचावर ती चालत नाही. दुसरी गोष्ट उंचीची. दहाव्या रांगेतल्या माणसाला जमिनीलगतची हालचाल दिसत नाही, म्हणून लाथा वर गेल्या, कोलांट्या आल्या. तिसरी गोष्ट वेळेची. कापोएराला वाटून दिलेल्या मोजक्या मिनिटांत लादाइन्याला जागा कुठून मिळणार? ती आक्रसली किंवा गेलीच. हे सारे समजण्यासारखे आहे, आणि यातले काही इतके देखणे आहे की नाक मुरडण्यात अर्थ नाही.

माझ्या मते खरा फरक चौथा. रोदात पुढे काय होणार ते कोणालाच माहीत नसते. समोरचा कोण येईल, तो हसून येईल की जुना हिशेब चुकता करायला येईल, गायक कोणती ओळ टाकेल, गुंगा केव्हा थांबवील, काहीच ठरलेले नसते. रंगमंचावर ते ठरवावे लागते, नाही तर रोज रात्री कोणाचे तरी दात पडतील! आणि ठरले की मालिसिआला काम उरत नाही. मघाशी सांगितलेली ती हात पसरून उभे राहण्याची जागाच घ्या. रंगमंचावरही ती करतात, पण तिथे ती एक सुंदर पोझ असते. रोदात त्या चार पावलांत श्वास रोखला जातो.

मात्र ही रेघ माणसांमधून जात नाही. दिवसा रोदा आणि रात्री रंगमंच, असे जगणारे मेस्त्रे पुष्कळ होते. पास्तिन्यांचे पट्टशिष्य जुआंव ग्रांदे यांचेच पहा. गुरूच्या तालमीत घडलेला हा माणूस 'व्हिव्हा बाहिया'बरोबर परदेश हिंडला. पुढे शिकवणे सोडून दिवसा पेट्रोल पंपावर काम आणि रात्री पाहुण्यांसाठी कार्यक्रम, असे दिवस त्यांनी काढले. तरुण मेस्त्रे त्यांना शोधत आले आणि पुन्हा शिकवायला घेऊन गेले, ते यानंतर. १९९० साली ते अमेरिकेत एका कलामहोत्सवासाठी आले, तिथेच राहिले आणि न्यूयॉर्कमध्ये त्यांनी तालीम काढली. २००१ साली अमेरिकन सरकारने पारंपरिक कलावंतांसाठीचा आपला सर्वोच्च सन्मान त्यांना दिला. रंगमंचावर काम केल्याने त्यांचा रोदा बिघडला, असे आजवर कोणी म्हटलेले माझ्या वाचनात नाही. उलट त्या रात्रीच्या बिदागीवरच त्यांची चूल पेटली.

ज्यांनी पाया घातला त्यांच्या चुलीचे मात्र काय झाले? बिंबा बाहियात आपल्याला कोणी विचारत नाही म्हणून वैतागून १९७३ साली दूर गोयानिया शहरी गेला आणि पुढच्याच वर्षी तिथे वारला. पेलोरिन्योची दुरुस्ती करायची म्हणून १९७१ च्या सुमारास पास्तिन्यांना त्यांच्या जागेतून बाहेर काढण्यात आले. ती त्यांना परत मिळाली नाही, तिथे उपाहारगृह झाले. दृष्टी गेलेले, कफल्लक पास्तिन्या १९८१ साली वारले. एव्हाना कापोएराचे चित्र नसलेले बाहियाचे पर्यटनपत्रक सापडणे कठीण झाले होते. २००८ साली ब्राझीलने रोदा आणि मेस्त्रेंचे कसब या दोन्हींची राष्ट्रीय वारसा म्हणून नोंद केली. २०१४ साली युनेस्कोने आपल्या यादीत नाव घातले, तेही 'कापोएराचा रोदा' असे : लाथांचे नव्हे, कोलांट्यांचे नव्हे, रिंगणाचे. नोंद झाली ही चांगलीच गोष्ट. पण म्हातारपणी मेस्त्रेने खायचे काय, हा प्रश्न यादीत नाव आल्याने आपोआप सुटत नाही, आणि बाहियातले मेस्त्रे तो विचारीत आले आहेत.

आज मुंबईत आणि गोव्यातही कापोएरा शिकवणारी मंडळे आहेत. कधी रोदा पाहण्याची संधी आली तर एक करा. शक्य झाले तर खुर्ची सोडून रिंगणात जाऊन उभे रहा. ओळ उचलता आली तर उचला, कारण रोदात नुसता प्रेक्षक असा कोणी नसतो. सुरुवातीला उंच लाथांकडे पाहू नका. गुंगा कोणाच्या हातात आहे ते पहा, आणि तो वाजवणारा माणूस कुठे पाहतो आहे ते पहा.